प्रिन्सला पुन्हा पळवताना

धुळ्याहून शिरपूरच्या दिशेनं निघालं की वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागतं. डोंगरावर किल्ला, पायथ्याशी तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं गाव, कडेनं मुंबई-आग्रा महामार्ग आणि फाट्यावरून दोंडाईचाकडे वळणारा रस्ता. या पंचक्रोशीत संगणक आधी घरात आला नाही, क्लासमध्ये आला. २००१ साली एमकेसीएलनं एमएस-सीआयटी सुरू केली, सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागू लागलं आणि आधी तालुक्याच्या गावी, मग मोठ्या खेड्यांतही संगणकाच्या खोल्या थाटल्या गेल्या. चपला बाहेर काढायच्या, भारनियमनाचं वेळापत्रक बघून बॅच गाठायची, वर्ड आणि एक्सेल शिकायचं आणि सर जरा बाहेर गेले की खेळ सुरू करायचा.

ते खेळ ठरलेले होते. पांढऱ्या कपड्यातला प्रिन्स, लाल टोपीचा डेव्ह, मोटारसायकलवरून लाथा घालत जाणारा रोडरॅश, समुद्री चाच्या मांजराचा क्लॉ. पुढे धुळ्याच्या सायबर कॅफेत आयजीआय, व्हाइस सिटी आणि काउंटर स्ट्राइक. त्या काळी माऊस धरायची भीती ज्यांची या खेळांनी घालवली, ती मुलं आज चाळिशीच्या आसपास आहेत. कोणी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितं, कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतं, कोणी शेतीसोबत ई-सेवा केंद्र चालवतं. आपल्या मुलांना 'आम्ही हे खेळायचो' असं दाखवायला ती जुनी सीडी काढतात आणि नवा लॅपटॉप सरळ नकार देतो. हे ॲप या संगणकावर चालू शकत नाही, अशी चौकट येते आणि बहुतेकांचा प्रयत्न तिथंच संपतो.

तो तिथं संपू नये, म्हणून हा लेख. हे खेळ चालू होतात. त्यासाठी लागणारी साधनं बहुतेक फुकट आहेत आणि कौशल्य एखाद्या गावच्या दुरुस्तीवाल्याला सहज जमेल असं आहे. आपल्याकडे वेळ मात्र कमी आहे.

आधी नक्कल, मग खेळ

फाट्याजवळच्या एका मोबाइल-संगणक दुरुस्तीच्या दुकानात मी बसलो होतो. निवृत्त शिक्षक असलेले एक गृहस्थ प्लास्टिकच्या पिशवीत चार सीड्या घेऊन आले.

"भाऊ, या चालतात का बघ बरं. नातू आलाय पुण्याहून. त्याच्या बापानं कॉलेजात असताना घेतलेल्या आहेत."

दुकानदारानं पहिली सीडी ट्यूबलाइटसमोर धरली. "सर, इकडं बघा. ठिपक्या-ठिपक्यातून उजेड आरपार येतोय. वरचा थर गेलाय. लेबलच्या बाजूनं पेनानं लिहिलं होतं का?"

"नाव लिहिलं होतं. मग गेली का ही?"

"लगेच नाही जात. पण आज लॅपटॉपवर चालवून बघायची घाई नको. आधी अख्ख्या सीडीची कॉपी काढू. खेळाचं नंतर."

या एका क्रमात निम्मं शहाणपण आहे. आपण खालच्या चकचकीत बाजूवरचे ओरखडे जपतो, पण सीडीचा खरा जीव लेबलच्या बाजूला असतो. माहिती ज्या परावर्तक थरामुळे वाचता येते, तो थर लेबलच्या लगेच खाली, लॅकरच्या पातळ लेपाआड असतो. टोकदार पेन किंवा चिकटवलेला कागद त्यालाच इजा करतो. बाजारातून आणलेल्या कोऱ्या सीडीवर लिहून घेतलेली प्रत असेल, तर तिच्यातला रंगद्रव्याचा थर ऊन आणि उष्णतेनं फिका होत जातो. खान्देशातला मे महिना पत्र्याच्या खोलीतल्या सीडीला काय करत असेल, हे वेगळं सांगायला नको. फ्लॉपीची गत त्याहून वाईट. तिच्या १.४४ एमबीतला चुंबकीय ठसा वर्षागणिक पुसट होतो.

दुकानदारानं यूएसबीवर चालणारा जुना सीडी ड्राइव्ह जोडला आणि वाचनाची गती मुद्दाम सर्वांत कमी ठेवली. ड्राइव्ह घरघरत होता, मधेच एका जागी अडून पुन्हा पुढे सरकत होता. दुकानातली दोन-तीन पोरं खांद्यावरून वाकून बघत होती. "चालू व्हयनं का भो?" असं एकानं अहिराणीत विचारलं, तेव्हा दुकानदारानं मान न वळवता बोट वर केलं: थांब. त्यानं साध्या फाइली कॉपी केल्या नव्हत्या, तर संपूर्ण तबकडीची प्रतिमा घेतली होती. हा फरक मोठा आहे. त्या काळच्या कित्येक खेळांचं संगीत फाइलींत नसायचं. ते गाण्याच्या सीडीसारखं वेगळ्या ट्रॅकवर असायचं. १९९६ च्या 'क्वेक'चं तसंच आहे. नुसत्या फाइली उचलल्या किंवा साधी आयएसओ प्रतिमा घेतली तर खेळ येतो, पण मुका येतो. म्हणून अशा तबकडीची प्रतिमा बिन आणि क्यू या जोडफाइलींत घ्यावी लागते.

नवा संगणक का अडतो

खेळ जुना झाला म्हणून तो बिघडलेला नसतो. त्यातला एकही शून्य-एक बदललेला नसतो. बदललेली असते त्याच्या भोवतालची दुनिया.

सर्वांत मोठी अडचण १६ बिटांची. प्रिन्स आणि डेव्ह डॉस नावाच्या ज्या जुन्या कार्यप्रणालीवर चालायचे, ती इंटेलच्या १९७८ च्या ८०८६ प्रोसेसरच्या घराण्यातली. पुढच्या ३२ बिटांच्या प्रोसेसरांत जुन्या कार्यक्रमांसाठी ८०८६ चं सोंग घेण्याची एक खास सोय होती. २००३ पासून आलेल्या ६४ बिटांच्या प्रोसेसरांत, ते पूर्ण ६४ बिटी पद्धतीनं चालत असताना, ही सोय मिळत नाही. ६४ बिटांच्या विंडोजनंही १६ बिटांचे कार्यक्रम चालवणारा भाग वगळला आणि विंडोज ११ तर फक्त ६४ बिटांतच येतं. गंमत अशी की १९९० च्या दशकातल्या उत्तरार्धातले कित्येक खेळ स्वतः ३२ बिटांचे आहेत आणि आजही चालू शकतात, पण त्यांचा सेटअप १६ बिटांचा आहे. खेळ ठणठणीत, दाराशीच अडकलेला.

दुसरी अडचण गतीची. जुन्या काही खेळांचे लेखक वेळ मोजायला घड्याळ वापरत नसत. प्रोसेसर एवढी आवर्तनं करेल तोवर एवढा वेळ जाईल, असं ते गृहीत धरत. पहिल्या आयबीएम पीसीचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ होता. पुढची यंत्रं वेगवान झाली तशी या खेळांतली पात्रं सुसाट सुटली. जुन्या कॅबिनेटवरचं 'टर्बो' बटण त्यासाठीच असायचं. ते बंद केलं की यंत्र मुद्दाम मंदावायचं. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले कित्येक कार्यक्रम तर सुरू होतानाच प्रोसेसरचा वेग मोजत. वेगवान पेन्टियमवर त्या भागाकाराचं उत्तर १६ बिटांत मावेना आणि 'रनटाइम एरर २००' म्हणत कार्यक्रम कोसळे. यंत्र फार चांगलं आहे, हाच तिथं दोष ठरला.

तिसरी अडचण रंगांची. 'एज ऑफ एम्पायर्स २' विंडोज ७ वर लावलेल्यांना आठवत असेल: गवत आणि पाणी भलत्याच जांभळट-गुलाबी रंगात दिसायचं. हा खेळ २५६ रंगांच्या एका सामायिक पेटीतून रंग घ्यायचा आणि विंडोजचा डेस्कटॉप त्याच पेटीत हात घालायचा. उपाय असा की टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद करायचा, खेळ खेळायचा आणि झाल्यावर एक्सप्लोरर पुन्हा सुरू करायचा. कारण ठाऊक नसतानाही हा तोडगा एकाकडून दुसऱ्याकडे पोचत राहिला.

चौथी अडचण कुलपाची. नकली सीडी ओळखण्यासाठी कंपन्यांनी 'सेफडिस्क'सारखी कुलपं घातली होती. त्यांचा एक भाग विंडोजच्या पार गाभ्यात जाऊन बसायचा. त्यातून सुरक्षेला भगदाड पडतं, हे लक्षात आल्यावर २०१५ मध्ये विंडोज १० त्याच्याविना आलं. परिणामी, रोख पैसे मोजून घेतलेली अस्सल सीडीच चालेनाशी झाली.

पाचवी अडचण गोतावळ्याची. कॅफेतले संगणक एकमेकांना जोडून खेळायच्या कित्येक जुन्या खेळांना आयपीएक्स नावाची जोडणी लागे. विंडोज व्हिस्टापासून तीही गेली.

कल्हई

या अडचणींवरचे उपाय दोन प्रकारचे आहेत. पहिला इम्युलेटरचा: नव्या यंत्राच्या आत जुनं यंत्र आज्ञावलीतून उभं करायचं. डॉससाठी सर्वांत विश्वासाचा म्हणजे २००२ पासून मोफत मिळणारा डॉसबॉक्स. तो जुना प्रोसेसर, जुनं साउंड ब्लास्टर कार्ड आणि जुना डिस्प्ले हुबेहूब वठवतो. आपण एक फोल्डर करायचा, त्यात खेळ ठेवायचा, 'माउंट' ही आज्ञा देऊन तो फोल्डर म्हणजेच सी ड्राइव्ह असं डॉसबॉक्सला सांगायचं आणि खेळाचं नाव टाइप करायचं. गती जास्त वाटली तर कंट्रोल आणि एफ११, कमी वाटली तर कंट्रोल आणि एफ१२. टर्बोचं बटण परत आलं, ते आता कळपाटावर आहे.

दुसरा उपाय दुभाष्याचा. खेळ जुन्या डायरेक्टएक्सच्या भाषेत बोलतो, नवं ग्राफिक्स कार्ड नव्या. 'डीजीव्हूडू २' ही मोफत आज्ञावली मधे बसून भाषांतर करते. थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू कार्डांसाठी लिहिलेले खेळही ती चालवते. ती कंपनी बुडून वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी १९९३ पासून चाललेला 'वाइन' आहे आणि काही जुने खेळ आजच्या विंडोजपेक्षा त्यावर जास्त बिनबोभाट चालतात.

इथं सोनगीरकराला एक गोष्ट न सांगता कळेल. तांब्या-पितळेचं भांडं पिढ्यान्‌पिढ्या टिकतं, पण आतली कल्हई पुनःपुन्हा करावी लागते. जुन्या खेळाचंही तसंच आहे. एकदा चालू केला म्हणजे कायमचा वाचला, असं होत नाही. दर नव्या विंडोजला, दर नव्या प्रोसेसरला कोणीतरी बसून तो पुन्हा जुळवून द्यावा लागतो.

वीस वर्षं लपून राहिलेली चूक

असं जुळवून देणाऱ्यांचं काम किती बारीक असतं, याचं एक ताजं उदाहरण बघू. 'जीटीए सॅन अँड्रियास' हा २००४ चा खेळ, पीसीवर २००५ मध्ये आला. त्यात पाण्यावर उतरणारं 'स्किमर' नावाचं एक विमान आहे. २०२४ च्या अखेरीस विंडोज ११ चं '२४एच२' अपडेट आलं आणि हे विमान खेळातून गायब झालं. काही उपाय करून ते आणलंच, तर आत बसलेला खेळाडू थेट आभाळात भिरकावला जायचा. लोकांनी विंडोजला बोल लावला.

जीटीएच्या जुन्या खेळांसाठी 'सायलेंटपॅच' बनवणाऱ्या, 'सायलेंट' या टोपणनावाच्या प्रोग्रॅमरनं एप्रिल २०२५ मध्ये याचा छडा लावला. आधीच्या 'व्हाइस सिटी'त या विमानाची नोंद होडी म्हणून होती आणि होडीला चाकांची मापं लागत नाहीत. सॅन अँड्रियासमध्ये त्याला विमानांच्या वर्गात टाकलं, पण चाकांची मापं भरायची राहून गेली. खेळ ती ओळ वाचायचा, मापं मिळायची नाहीत आणि स्मृतीच्या त्या जागी आधी वाचलेल्या वाहनाची मापं उरलेली असायची, तीच वापरली जायची. ते वाहन एक व्हॅन होतं. वीस वर्षं हे विमान त्या व्हॅनच्या उरलेल्या मापांवर उडत होतं. नव्या अपडेटनं विंडोजच्या आतल्या एका कामासाठी स्मृतीची तीच जागा वापरायला सुरुवात केली, जुनी मापं पुसली गेली आणि जागी भलताच आकडा आला. चूक विंडोजची नव्हतीच.

याच्या उलट उदाहरण विंडोज एक्सपीतल्या पिनबॉलचं. क्लासमध्ये खेळाची सीडी नसली तरी हा असायचाच. ६४ बिटांत नेताना चेंडू कशालाही न आपटता आरपार खाली पडू लागला. चूक सापडेना, वेळ नव्हता, म्हणून मायक्रोसॉफ्टनं तो वगळला, असं तिथले अभियंते रेमंड चेन यांनी नंतर लिहिलं. २०२१ मध्ये एका हौशी प्रोग्रॅमरनं त्या खेळाची आज्ञावली उलट बाजूनं उकलून पुन्हा लिहिली आणि आज तो ६४ बिटांवर बिनतक्रार चालतो. जे कंपनीच्या वेळापत्रकात बसलं नाही, ते प्रेमापोटी बसलेल्या माणसानं केलं. या क्षेत्रातलं बहुतेक काम असंच झालं आहे.

प्रिन्सची बाटली

जॉर्डन मेकनर यांनी 'प्रिन्स ऑफ पर्शिया' १९८९ मध्ये ॲपल टू या संगणकासाठी केला. धाकट्या भावाला धावायला आणि उड्या मारायला लावून त्यांनी त्याचं चित्रण केलं आणि एकेक चौकट गिरवून प्रिन्सची चाल घडवली. प्रिन्स कड्यावर लटकतो तेव्हा त्याच्या शरीराचं वजन जाणवतं, ते त्यामुळे. खेळात ६० मिनिटांत राजकन्येला सोडवायचं असतं. क्लासमधली बॅच तासाभराची असे, त्यामुळे हा हिशेब आमच्या पिढीच्या अंगात भिनला आहे.

पहिली पातळी संपली की एका दालनात बाटल्या मांडलेल्या दिसायच्या, प्रत्येकीवर एक अक्षर. खेळासोबतच्या पुस्तिकेत अमुक पानाच्या अमुक ओळीतलं अक्षर शोधायचं आणि तीच बाटली प्यायची. चुकीची प्यायली की प्रिन्सची खैर नसे. हे नक्कल रोखायचं कुलूप होतं. आमच्याकडे पुस्तिका कोणीच पाहिली नव्हती. आमच्या हाती आलेल्या प्रती कोणीतरी कुलूप काढून टाकलेल्या असायच्या, किंवा एखादा जाणता मुलगा 'प्रिन्स मेगाहिट' असं टाइप करून शिफ्ट आणि एल दाबत पुढच्या पातळीवर जायचा. जतनाच्या दृष्टीनं यातला धडा साधा आहे: खेळ म्हणजे फक्त फाइल नव्हे. पुस्तिका, खोका, सीडीचा क्रमांक, लेबल, हे सगळं मिळून खेळ होतो.

मेकनर यांच्याकडेच मूळ आज्ञावली उरली नव्हती. २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना घरात जुन्या फ्लॉपींचा खोका सापडला. संग्रहकार जेसन स्कॉट आणि टोनी डायझ जुनी यंत्रं घेऊन आले, त्या फ्लॉपी वाचल्या आणि मेकनर यांनी ती आज्ञावली जगासाठी खुली केली. जगप्रसिद्ध खेळाचा उगम एका घरातल्या खोक्यावर टिकून होता.

आपले खेळ कोण जपणार

प्रिन्सला जग जपेल. इंटरनेट अर्काइव्हवर डॉसचे हजारो खेळ ब्राउझरमध्ये खेळता येतात. पोलंडमधून २००८ साली सुरू झालेलं जीओजी जुने खेळ नव्या यंत्रांवर चालतील असे करून रीतसर विकतं. तरीही अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत, २०१० पूर्वी तिथं निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर मिळत नाहीत, असं दिसलं.

आपल्याकडच्या खेळांना एवढाही वाली नाही. २००९ मध्ये हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजनं प्लेस्टेशन २ साठी 'हनुमान: बॉय वॉरियर' केला. त्याच वर्षीच्या 'देसी अड्डा'त कबड्डी, विटी-दांडू आणि पतंगबाजी होती. मुंबईच्या ट्राइन गेम्सनं 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' आणला. प्लेस्टेशन २ चं उत्पादन २०१३ च्या सुरुवातीस थांबल्याचं जाहीर झालं. आज हे खेळ पीसीएसएक्स२ या इम्युलेटरवर चालवता येतात, पण त्यासाठी कोणाच्या तरी घरात ती तबकडी असायला हवी. पुण्याच्या नॉडिंग हेड्सनं २०२० मध्ये 'राजी' हा खेळ जगभर पोचवला. त्याच्या आधीच्या पायऱ्याच पुसल्या गेल्या, तर भारतीय खेळांचा इतिहास कुठून सुरू करायचा? मराठी अंकलिपीच्या सीड्या, बालगीतांसोबतचे खेळ, गल्लीतल्या कोणी केलेली शब्दकोडी, यांची प्रत जगातलं कोणतंही संग्रहालय आपणहून मागायला येणार नाही.

कायदा इथं अगदीच आडवा येत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(एए) नुसार, संगणक कार्यक्रमाची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला ती हरवू किंवा नष्ट होऊ नये म्हणून सुरक्षेची नक्कल करता येते. ती नक्कल वाटण्याचा किंवा विकण्याचा हक्क मात्र त्यातून मिळत नाही. आपल्याकडच्या पुष्कळ सीड्या नकली होत्या, हेही खरं. त्यांच्यावर हक्क सांगू नये. पण घरात असलेली अस्सल तबकडी नष्ट होऊ देणं, यात कोणाचंच भलं नाही.

आणि सीडीचा काळ भाग्याचा होता, हे आता लक्षात येतं. सोनगीरची आजची मुलं मोबाइलवर खेळतात. २ सप्टेंबर २०२० रोजी भारतात पबजी मोबाइलवर बंदी आली आणि ३० ऑक्टोबरला त्याचे सर्व्हर भारतीयांसाठी बंद झाले. ज्या मुलांनी त्यात वर्षं घातली, त्यांना तो खेळ चाळिशीत आपल्या मुलांना दाखवता येणार नाही. खेळाचा जीव त्यांच्या फोनमध्ये नव्हताच. युरोपातही ३१ मार्च २०२४ रोजी 'द क्रू' हा विकत घेतलेला खेळ सर्व्हरसोबत बंद पडला. त्यातून उभ्या राहिलेल्या 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहिमेला दहा लाखांहून अधिक नागरिकांनी सह्या दिल्या. विकलेला खेळ कंपनीनं बंद करताना तो चालण्याजोगा ठेवावा, ही त्यांची मागणी आपणही मांडली पाहिजे.

तोवर हातातलं काम उरकू या. घरातल्या अस्सल सीड्या काढा. त्यांच्यावर काही लिहू नका, चिकटवू नका. प्रत्येकीची पूर्ण प्रतिमा घ्या, गाण्याचे ट्रॅक असतील तर बिन आणि क्यूमध्ये. दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. खोक्याचा, पुस्तिकेच्या प्रत्येक पानाचा, क्रमांकाचा फोटो काढा. खेळ चालू झाला की वहीत लिहा: कोणता खेळ, कुठली आवृत्ती, कोणता इम्युलेटर, कोणती सेटिंग. पुढच्या माणसाला सर्वांत जास्त उपयोग त्या ओळींचा होतो. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, गावोगावी वाचनालयं आहेत. वाचनालयात पुस्तकांशेजारी अशा तबकड्यांचं आणि वह्यांचं एक कपाट ठेवायला मोठा निधी लागत नाही. एक जुना सीडी ड्राइव्ह, एक संगणक आणि आठवड्यातली एक संध्याकाळ देणारा जाणता तरुण पुरतो. दिवाळीला मुलं-नातवंडं गावी येतात आणि ज्यांनी हे खेळ खेळले ते आज धडधाकट आहेत, सेटिंगपासून चीट कोडपर्यंत सगळं त्यांच्या तोंडपाठ आहे. त्यांना विचारून, लिहून घेऊन, या सुट्टीतच हे काम सुरू करावं.